स्मूदीच्या दुकानात 'इम्युनिटी बूस्टर' लिहावं का? मेनू, पावडर आणि कायदा – जरा सविस्तर

प्रश्न असा होता: कोथरूडला गाळा घेतलाय, स्मूदी आणि कोल्ड प्रेस ज्यूसचं दुकान टाकायचंय, फ्रँचायझीवाल्यांनी तयार मेनू दिलाय आणि त्यात 'इम्युनिटी ब्लास्ट', 'डिटॉक्स ग्रीन', 'शुगर कंट्रोल', 'फॅट कटर' अशी नावं आहेत, शिवाय एक 'इम्युनिटी बूस्टर' पावडर आहे जी ४० रुपये जादा घेऊन कुठल्याही ग्लासात टाकून द्यायची. तर हे कायद्यात बसतं का, आणि त्याने गिऱ्हाइकाला खरंच काही होतं का.

मी फूड टेक्नॉलॉजीवाला माणूस. सुरुवात फळप्रक्रियेच्या कारखान्यात पल्पच्या लाइनवर झाली, आता बरीच वर्षं ज्यूस बार आणि कॅफेवाल्यांच्या रेसिप्या बसवणं, लायसन्सची आणि लेबलची कामं बघणं हाच धंदा. सरळ सांगतो, नावं बदला, पावडर परत पाठवा, दुकान मात्र बिनधास्त टाका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे हे इम्युनिटीचं खूळ आपल्याकडे एवढं वाढलं ते २०२० मध्ये. त्याआधीही ज्यूसवाल्यांच्या पाट्यांवर 'रक्तवर्धक', 'शक्तिवर्धक' असायचंच, पण करोनात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी घातलेला काढा आणि हळदीचं दूध घ्या असं सांगितलं आणि मग बाजारात बिस्किटापासून ब्रेडपर्यंत सगळ्यालाच इम्युनिटी चिकटली. त्याच वर्षी जूनमध्ये पतंजलीने कोरोनिल आणलं ते करोना बरा होतो म्हणून, आणि उत्तराखंडच्या लायसन्स खात्याने सांगितलं की बाबांनो परवाना तर इम्युनिटी बूस्टरचा मागितला होता. तेव्हापासून धंद्यातल्या लोकांच्या डोक्यात असं बसलंय की रोगाचं नाव घेतलं तर लफडं, पण 'इम्युनिटी' म्हटलं की सेफ. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच लोक अडकतात.

आधी शरीराचं बघू. रोगप्रतिकारशक्ती ही काही एक टाकी नाही की जिची लेव्हल वाढवायची. पांढऱ्या पेशींचे प्रकार, अँटीबॉडी, आतड्यातलं अस्तर, त्वचा, ताप येणं हे सगळं मिळून ते काम चालतं, आणि त्यातला काही भाग वाजवीपेक्षा जास्त पेटला तर त्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो, दमा म्हणतो, आमवात म्हणतो. म्हणजे 'बूस्ट' हा शब्द ज्याला खरंच लागू पडला असता तो माणूस डॉक्टरकडे इम्युनिटी दाबायच्या गोळ्या घेत असतो. आहाराने जे होतं ते इतकंच की शरीरात एखादी गोष्ट कमी असेल, म्हणजे प्रथिनं, झिंक, ड जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, लोह, तर ती भरून काढली की बिघडलेलं काम सुधारतं. कमतरता नसेल तर वरून घातलेल्याचा उपयोग जवळपास नाही.

क जीवनसत्त्वाचंच घ्या कारण 'इम्युनिटी' ग्लासाचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एनआयएन (राष्ट्रीय पोषण संस्था) यांच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम लागतं. मध्यम पेरूत एवढं सहज मिळतं, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, संत्र्यात साधारण ५० च्या आसपास. दिवसाला दोनेकशे मिलिग्रॅम पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळपास पूर्ण भरते, त्याच्यापुढचं म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतत राहण्यासारखं, लघवीवाटे बाहेर. आणि सर्दीचं म्हणाल तर लिनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ १९७० पासून सांगत होता की भरपूर क जीवनसत्त्व घ्या, सर्दी होणार नाही, मग लोकांनी त्यावर ढीगभर चाचण्या केल्या. कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये त्यातल्या २९ चाचण्या, ११ हजारांवर माणसं, एकत्र करून पाहिल्या तर निघालं काय, की रोज गोळी घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटपते, आणि सर्दी सुरू झाल्यावर घ्यायला लागलं तर त्याचाही नीट फायदा दिसत नाही. मॅरेथॉन पळणारे, बर्फातले सैनिक, स्कीइंगवाले अशा खूप शारीरिक ताणाखालच्या लोकांत मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं, ते खरं आहे. पण हे सगळं रोजच्या २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्तीच्या गोळ्यांवर, बऱ्याच चाचण्यांत महिनोन्‌महिने. तुमच्याकडे पावसात भिजून आलेला माणूस एक ग्लास पिऊन जातो, त्याला यातलं काहीही लागू होत नाही.

हळदीचंही तसंच. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे जिच्या गुणांचं एवढं कौतुक होतं ते द्रव्य, साधारण ३ टक्के, म्हणजे ग्लासात टाकलेल्या अर्ध्या ग्रॅममध्ये १५ मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून रक्तात फार कमी जातं. मिरीतल्या पायपरीनने शोषण वीस पट वाढतं असं जे सगळीकडे छापलेलं असतं तो प्रयोग १९९८ चा, त्यात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं होतं. २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साठेक ग्रॅम हळद हो! तेवढी घालून स्मूदी प्यायला देऊन बघा कोणाला. हळद घाला, रंग सुंदर येतो, आंब्याबरोबर आणि अननसाबरोबर चव छान लागते, पण ती चवीसाठी.

आता तुम्ही म्हणाल की फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय. तोटा साखरेत आहे. एका ठिकाणी 'मँगो इम्युनिटी' नावाचा ग्लास मी काउंटरवरच वजन करून मोजायला लावला होता, ती रेसिपी बऱ्याच ठिकाणी थोड्या फरकाने हीच असते: हापूसचा पल्प १५० ग्रॅम, अर्धं केळं, पातळ करायला टेट्रापॅकमधला सफरचंदाचा ज्यूस १५० मिली, एक मोठा चमचा मध म्हणजे २० ग्रॅम, चिमूट हळद, आलं. पल्पमधून साधारण २१ ग्रॅम साखर (टिनमधला साखर घातलेला असेल तर जास्त), केळ्यातून ६, ज्यूसमधून १५, मधातून १६. झाले ५८ ग्रॅम, चहाचे चौदा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की फ्री शुगर, म्हणजे वरून घातलेली किंवा मोकळी साखर, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा आणि जमलं तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास. आणि फ्री शुगरमध्ये मध आणि फळांचा ज्यूस दोन्ही मोजतात, मध नैसर्गिक आहे वगैरे तिथे चालत नाही. आंब्याची आणि केळ्याची साखर बाजूला ठेवली तरी नुसता ज्यूस आणि मध मिळून ३१ ग्रॅम होतात. ब्रिटनमध्ये तर मिक्सरमधून काढलेल्या फळाचीही साखर फ्री धरतात आणि ज्यूस-स्मूदी दिवसाला १५० मिलीच्या वर घेऊ नका असं सांगतात, आपला ग्लास ३५०-४०० चा.

गंमत म्हणजे तोच माणूस शेजारच्या दुकानात मँगो मस्तानी घेतो तेव्हा त्याला माहीत असतं की आज चैन आहे, महिन्यातून एकदा. 'इम्युनिटी' लिहिलं की तो रोज येतो, शिवाय लेकराला पण पाजतो. म्हणजे नुकसान त्या शब्दामुळेच होतं, आंब्याने नाही.

आता कायदा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६, त्याचं कलम २४ म्हणतं की दिशाभूल करणारी जाहिरात करायची नाही, आणि पोषणमूल्य किंवा उपयोग याबद्दल खोटी किंवा आधार नसलेली गोष्ट सांगायची नाही. कलम ५३ मध्ये दंड १० लाखांपर्यंत. याच्यावर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, ते १ जुलै २०१९ पासून लागू. हे नियम फक्त पॅकबंद मालाला असतात असा एक गोड गैरसमज आहे. पाटी, मेनूकार्ड, इन्स्टाची पोस्ट, स्विगी-झोमॅटोवरचं डिस्क्रिप्शन, स्टँडी, ग्लासावरचा स्टिकर, हे सगळं जाहिरातच धरलं जातं. त्या नियमांत अशा काही गोष्टी आहेत की स्मूदीवाले अगदी ठरवून मोडतात असं वाटावं: रोग टाळणं, कमी करणं, बरा करणं यासाठी पदार्थ उपयुक्त आहे असं सांगायचं नाही (तुमचं 'शुगर कंट्रोल' इथे गेलं), एफएसएसएआयची खास परवानगी नसेल तर पेय हे जेवणाऐवजी घ्यायचं म्हणून दाखवायचं नाही ('मील रिप्लेसमेंट स्मूदी' इथे गेली), आणि जो काही आरोग्याचा दावा कराल त्याला शास्त्रीय पुरावा लागतो, मागितला की दाखवावा लागतो. डायबेटिस, कॅन्सर असल्या आजारांची नावं घेऊन बरं करतो म्हणालात तर १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा पण येतो, त्याच्या यादीत मधुमेह आहेच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वेगळाच. त्यात सीसीपीए म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख, पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि जो सेलिब्रिटी किंवा इन्फ्लुएन्सर त्यात आहे त्याच्यावरही एक वर्षाची बंदी घालू शकतं. रीलवाले पोरं-पोरी 'दोन आठवडे प्यायले, सर्दी गायब' असं बोलतात आणि तुम्ही ते तुमच्या पेजवर शेअर करता ना, ती झाली तुमची जाहिरात. ऑगस्ट २०२३ पासून तर आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपलं शिक्षण सांगायचं, डॉक्टर नसेल तर तसा खुलासा करायचा असे निर्देश आहेत.

प्रत्यक्षात एका गाळ्याच्या दुकानावर उद्याच १० लाखांचा दंड पडेल असं मी म्हणत नाही, घाबरवायचं कामही नाही. सहसा आधी एफडीएची, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची, नोटीस येते, खुलासा मागतात, बोर्ड उतरवायला लावतात. तक्रार करतो कोण, तर नव्वद टक्के वेळा समोरचा दुकानदार. आणि नोटीस येते लायसन्सवर ज्याचं नाव आहे त्याला. फ्रँचायझीवाला सांगेल जाहिरातीचं डिझाइन हेड ऑफिसने पाठवलंय, पण एफडीएचा अन्न सुरक्षा अधिकारी तुमच्या काउंटरसमोर उभा असतो, हेड ऑफिस गुरुग्राममध्ये. फ्रँचायझी करार सही करायच्या आधी वकिलाकडून एक ओळ टाकून घ्या की मेनूतल्या आणि जाहिरातीतल्या दाव्यांची जबाबदारी कंपनीची, दंड झाला तर त्यांनी भरायचा. बघा किती पटकन 'इम्युनिटी' शब्द मेनूतून गायब होतो ते.

बाहेरच्या देशांत पण हेच झालंय, आणि पैसेवाल्या कंपन्यांचं झालंय. अमेरिकेत एअरबोर्न नावाच्या विरघळणाऱ्या गोळ्या सर्दी रोखतात म्हणून विकल्या जायच्या, २००८ मध्ये ग्राहकांच्या खटल्यात त्यांनी २.३३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. केलॉग्जने राइस क्रिस्पीज या नाश्त्याच्या सीरियलवर मुलांच्या इम्युनिटीला मदत होते असं ठसठशीत छापलं होतं, २०१० मध्ये तिथल्या एफटीसीने, म्हणजे फसव्या जाहिराती बघणाऱ्या सरकारी आयोगाने, त्यांना त्यावरून धरलं. आणि डाळिंबाच्या रसाचं पॉम वंडरफुलचं प्रकरण तर आपल्या सोलापूरच्या डाळिंबवाल्यांनी सुद्धा वाचावं असं आहे: कंपनीने संशोधनावर तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता, हृदयरोग, प्रोस्टेट कॅन्सर वगैरे सगळं जाहिरातीत, आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रोगाबद्दल दावा करायचा तर किमान एक व्यवस्थित रँडमाइज्ड चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, पाहिजे. एवढा खर्च करून ते हरले. तुमच्या पावडरवाल्याने संशोधनावर किती खर्च केलाय ते विचारा एकदा.

पावडरवर येतो, कारण मला त्याचाच जास्त राग आहे. डबा हातात घ्या आणि मागचं लेबल वाचा. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तुम्ही मक्याचं स्टार्च ४० रुपयांना विकताय, बाकीचं नावाला. मग लायसन्स बघा. एफएसएसएआयचा नंबर असून 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असं लिहिलं असेल तर तिथे दिवसाची मात्रा आणि 'औषधी वापरासाठी नाही' असंही लिहिलेलं सापडेल; तुमचा पोरगा अंदाजाने चमचा भरून टाकणार, तोच गिऱ्हाईक घरी तीच गोष्ट गोळीतून घेत असणार, मात्रेचा हिशोब कोण ठेवणार? आणि एफएसएसएआयचा नंबरच नसेल, आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना असेल, तर ते औषध आहे, ते ज्यूसमध्ये टाकून खाद्यपदार्थ म्हणून विकायचं नाही, विषय संपला.

त्यात गुळवेल असेल तर अजून एक गोष्ट. २०२० च्या शेवटी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये यकृताला इजा झालेली पाहिली, ते २०२१ मध्ये छापून आलं, नंतर देशभरातल्या केंद्रांनी मिळून चाळीसवर केसेस नोंदवल्या, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून ऑटोइम्यून त्रासाची पार्श्वभूमी होती. आयुष मंत्रालयाला हे मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं असं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात गोळा केली गेली असेल. वाद चालू द्या, पण दुकानदार म्हणून तुमचा प्रश्न फार साधा आहे: तुमच्याकडे आलेली हिरवी भुकटी नक्की कुठल्या वेलाची, हे तुम्ही सांगू शकता का? मी तरी डब्याकडे बघून सांगू शकत नाही.

सकाळी बागेबाहेर स्टीलच्या पिंपांतून कारलं, दुधी, गव्हांकुर, कडुनिंब विकणारे असतात, ते बघून 'मॉर्निंग शॉट' ठेवायचा विचार पुष्कळ जण करतात. दुधीबद्दल एवढंच, की कापल्यावर प्रत्येक दुधीचा एक तुकडा चावून बघायचा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, दुसऱ्यात मिसळून चव मारायची नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन असतं, त्याने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूसुद्धा झालेत, आयसीएमआरने त्यावर समिती नेमून कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. आणि लोक घरी सोललेला दुधी आणून 'यातूनच काढून द्या' म्हणतात, नको म्हणायचं.

बरं मग लिहायचं काय, हा खरा प्रश्न. जे ग्लासात आहे ते लिहा. 'इम्युनिटी ब्लास्ट'च्या जागी 'नागपुरी संत्रं, गाजर, आलं. ३०० मिली. साखर नाही, मध नाही.' एवढं लिहिलेलं मेनूकार्ड फार देखणं दिसतं, आणि माझ्या अनुभवात विकतंही चांगलं, कारण गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कळतं की पैसे कशाचे देतोय. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुरंदरचं सीताफळ, जळगावचं केळं, रत्नागिरीचा हापूस, ही नावं तुमच्याकडे फुकट आहेत, परदेशातल्या दुकानदाराने यासाठी पैसे मोजले असते. फक्त माल खरंच तिथला हवा. जुलैमध्ये 'ताजा हापूस' लिहून कर्नाटकातला पल्प वापरलात तर तो पण खोटा दावाच, आणि 'फ्रेश', 'नॅचरल', 'प्युअर' या शब्दांनाही त्या २०१८ च्या नियमांत अटी आहेत. २०२४ च्या जूनमध्ये तर एफएसएसएआयने कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून केलेल्या ज्यूसवरचं '१०० टक्के फ्रूट ज्यूस' काढून टाका असा आदेशच दिला. फ्रोजन पल्प वापरा ना, त्यात वाईट काही नाही, चांगला पल्प ऑफ सीझनच्या फळापेक्षा शंभर पटीने बरा, फक्त 'फ्रोजन' असं लिहा.

'नो अ‍ॅडेड शुगर'बद्दल जपून. मध, गूळ, काकवी, काहीही घातलं तर तो दावा गेला हे बहुतेकांना कळतं. पण खजुराची पेस्ट किंवा ज्यूसचं कॉन्सन्ट्रेट साखरेच्या बदल्यात गोडीसाठी घातलं तरी दावा जातो, हे कोणालाच माहीत नसतं, आणि अर्ध्या शहराच्या 'शुगर फ्री' स्मूद्या खजुरावरच उभ्या आहेत. 'नो अ‍ॅडेड शुगर' आणि 'शुगर फ्री' या दोन वेगळ्या गोष्टी, फळाची कुठलीही स्मूदी शुगर फ्री होऊच शकत नाही. लिहिलंच तर सोबत 'फळांची नैसर्गिक साखर आहे' हेही लिहा.

आणि तरीही क जीवनसत्त्वाबद्दल बोलायचंच असेल तर रस्ता आहे, त्यासाठी 'इम्युनिटी' लागत नाही. द्रव पदार्थात १०० मिलीमागे रोजच्या गरजेच्या ७.५ टक्के असेल तर 'व्हिटॅमिन सी चा स्रोत' म्हणता येतं, त्याच्या दुप्पट असेल तर 'हाय'. ८० मिलिग्रॅमच्या हिशोबाने १०० मिलीत ६ आणि १२ मिलिग्रॅम झाले. पेरू-संत्र्याची स्मूदी हे आरामात ओलांडते. पण हे पुस्तकातल्या आकड्यावर चालत नाही, तुमच्या तयार ग्लासाचा एनएबीएल लॅबचा, म्हणजे राष्ट्रीय मान्यता असलेल्या लॅबचा, रिपोर्ट काढा, काही हजारांत होतं, आणि रेसिपी मग ग्रॅमवर पक्की करा. टेस्ट ताज्या ग्लासाची आणि बाटली विकणार असाल तर शेवटच्या दिवशीच्या बाटलीची वेगळी, कारण क जीवनसत्त्व हवा, उजेड आणि वेळ यांनी उडतं, मिक्सर तर हवाच मारतो त्यात. युरोपमध्ये क जीवनसत्त्व इम्युन सिस्टिमच्या सामान्य कामाला हातभार लावतं एवढं वाक्य २०१२ पासून कायद्याने मान्य आहे, त्याची रचना नीट बघा: दावा त्या जीवनसत्त्वाबद्दल आहे, ग्लासाबद्दल नाही, आणि 'सामान्य काम' आहे, 'बूस्ट' नाही. दही घातलं असेल तर 'दही' लिहा, 'प्रोबायोटिक' नको, त्या शब्दाला जिवाणूची नक्की जात आणि सर्व्हिंगमागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू दाखवावे लागतात.

एवढा सगळा जीव आरोग्याच्या दाव्यावर काढतात आणि बर्फ कुठून येतो ते बघत नाहीत, हे मला कधी समजलं नाही. लादीचा बर्फ पोत्यात गुंडाळून टेम्पोतून आला, फुटपाथवर आपटून फोडला आणि जारमध्ये टाकला की वरच्या व्हिटॅमिनचं कौतुक कशाला. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळा करायचा नियम आहे, तेव्हा पांढरी लादी आली म्हणजे खाण्याची असं समजू नका, बिल आणि पुरवठादाराचं लायसन्स मागा, नाहीतर आरओला जोडलेलं छोटं बर्फाचं मशीन घ्या. किंवा फळंच गोठवून वापरा, स्मूदी दाट होते आणि पाण्याने चव मरत नाही. जार दर ग्लासाला धुवा, आणि पीनट बटर, व्हे (दुधातलं प्रथिन), बदाम यांना वेगळा जार ठेवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला नुसत्या विसळलेल्या जारमधून आंब्याची स्मूदी दिली तर काय होईल ते सांगायला नको. मेनूवर एखादी आरोग्याची ओळ टाकायची असेल तर 'यात शेंगदाणा/दूध/काजू आहे' ही टाका.

हिशोबाचं थोडं. त्या पावडरमुळे ग्लासामागे ३० रुपये सुटतात म्हणून मोह होतो, मान्य आहे. तेवढंच तुम्हाला चिया, ओट्स, जादा दही, भिजवलेले बदाम यांच्या अ‍ॅड-ऑनमधून मिळतं, लोक त्याचे पैसे देतात कारण ते दिसतं आणि चावता येतं. डिलिव्हरी अ‍ॅपवर कमिशन एवढं जातं की तिथे फळांचा मोठा ग्लास परवडत नाही, मग मालक ज्यूस आणि सिरप वाढवतो. त्यापेक्षा अ‍ॅपवर २५० मिलीचा छोटा ग्लास ठेवा, साखर पण आपोआप कमी. आणि अ‍ॅपवरची जुनी वर्णनं स्वतः उघडून तपासा, दुकानातला बोर्ड बदलतात आणि तिथे 'बूस्ट्स इम्युनिटी' तसंच राहून जातं.

शेवटी काउंटरवरच्या पोराचं. तुम्ही मेनू कितीही साफ केलात तरी दिवसातून दहा जण विचारणार, 'शुगरवाल्याला यातलं कुठलं चालेल रे?', 'सर्दी झालीय, काय देतोस?' आणि पोरगा उत्साहाने 'काका हे घ्या, कारल्याचं, शुगर एकदम डाऊन' असं सांगणार. त्या काकांनी डायबेटिसची गोळी घेतलेली असेल आणि उपाशीपोटी आले असतील तर खरंच डाऊन होऊ शकते. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असलेल्याने रोज पालकाचा ग्लास सुरू केला तर गोळीचा परिणाम बदलतो, किडनीच्या पेशंटला केळं-संत्रं-शहाळं यातलं पोटॅशियम जड जाऊ शकतं, पालकातल्या ऑक्झलेटचंही तेच. पोराला हे सगळं पाठ करायला लावू नका. त्याला प्रत्येक ग्लासातली फळं, मिली आणि साखरेचे ग्रॅम लिहिलेलं एक कार्ड द्या, विचारलं की कार्ड पुढे करायचं, 'काका यात ३२ ग्रॅम साखर आहे, यात १४, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.' सर्दीवाल्याला आलं-लिंबाचं गरम पाणी द्या, तेही बरं वाटावं म्हणून. साखरेचे ग्रॅम काढायला रेसिपी वजनावर लागते, ती काढायला अडचण आली तर रेसिप्या पाठवा, मी आकडे घालून देतो.